फोटोडायोड अँप्लिफायरची इनपुट पिन जळू नये म्हणून

लेझर पॉइंटर फोटोडायोडवर, म्हणजे प्रकाश पडला की करंट देणाऱ्या डायोडवर, धरला, आउटपुट झटक्यात वर गेलं. पॉइंटर बाजूला केला, आउटपुट खाली आलं. सर्किट चालतंय म्हणून मी खुशीत जेवायला उठलो. संध्याकाळी मंद प्रकाश मोजायला बसलो, तर मल्टिमीटर ढिम्म. टेबललॅम्प अगदी जवळ आणला की आकडा दिसायचा, जरा लांब नेला की सपाट शून्य. दोन तास फोटोडायोड बदलले, तारा हलवल्या, ब्रेडबोर्डला शिव्या घातल्या. दोष ऑपअँपच्या, म्हणजे अँप्लिफायरच्या चिपच्या, दोन नंबरच्या पिनमध्ये होता, आणि तो दुपारी माझ्याच हातून झाला होता.

ऑपअँपची इनपुट पिन नेहमी धूर काढून मरत नाही. बरेचदा ती अर्धमेली होते आणि मग दिवसभर खोटं बोलत राहते. ही वेळ तुमच्यावर येऊ नये म्हणून काय करायचं, ते एकच सर्किट घेऊन सांगतो.

सर्किट

फोटोडायोड बीपीडब्ल्यू३४, ऑपअँप एमसीपी६००२. दुसरा आठ पायांच्या डिप पॅकेजमध्ये मिळतो, त्यामुळे ब्रेडबोर्डवर बसतो. पिन ८ ला ५ व्होल्ट, पिन ४ ग्राउंडला, पिन ३ सुद्धा ग्राउंडला. फोटोडायोडचा कॅथोड पिन २ ला, अ‍ॅनोड ग्राउंडला. पिन १ आणि पिन २ यांच्यामध्ये १ मेगओहमचा फीडबॅक रेझिस्टर आणि त्याला समांतर ४.७ पिकोफॅरडचा कपॅसिटर. तो कपॅसिटर वगळू नका, नाहीतर आउटपुट थरथरत बसेल. चिपमधला दुसरा ऑपअँप मोकळा सोडायचा नाही: पिन ६ आणि ७ एकत्र जोडा, आणि दोन १० किलोओहमच्या रेझिस्टरांनी ५ व्होल्टचे अर्धे करून पिन ५ ला द्या. हे अडीच व्होल्ट शेवटी चिप तपासताना पुन्हा कामाला येतील.

प्रकाश पडला की फोटोडायोड पिन २ च्या जोडातून करंट ओढतो. ऑपअँप तेवढाच करंट १ मेगओहममधून पुरवतो आणि तो जोड शून्य व्होल्टवर धरून ठेवतो. एक मायक्रोअँपला एक व्होल्ट, असा सरळ हिशेब. आउटपुट ५ व्होल्टच्या वर जाऊ शकत नाही, म्हणजे या सर्किटची ताकद ५ मायक्रोअँप. त्यापुढचा करंट ऑपअँपला पुरवता येत नाही.

आधी प्रकाशाचा हिशेब

सिलिकॉन फोटोडायोड लाल प्रकाशाला, म्हणजे ६५० नॅनोमीटरच्या आसपास, दर मिलीवॉटला साधारण ०.४ मिलीअँप देतो. इन्फ्रारेडला त्याहून जास्त. पॉइंटरवर ५ मिलीवॉट छापलेलं असेल आणि ठिपका पूर्ण फोटोडायोडवर पडला, तर २ मिलीअँप झाले. आपली मर्यादा ५ मायक्रोअँप. म्हणजे चारशे पट! बीपीडब्ल्यू३४ चा प्रकाश घेणारा चौकोन साडेसात चौरस मिलिमीटरचा आहे. दुपारच्या कडक उन्हात तोही दोन-अडीच मिलीअँप देतो. सर्किट खिडकीपाशी ठेवून चहाला गेलात तरी एवढा करंट येतो, त्याला लेझरच हवा असं नाही.

आता एमसीपी६००२ चं डेटाशीट उघडा आणि 'अ‍ॅब्सोल्यूट मॅक्सिमम' असा तक्ता शोधा. नवखे लोक हा तक्ता ओलांडून थेट सर्किटच्या चित्राकडे जातात. मीही जायचो. त्यात लिहिलंय: इनपुट पिनमधून जास्तीत जास्त २ मिलीअँप, आणि पिनचं व्होल्टेज ग्राउंडच्या खाली १ व्होल्टपेक्षा जास्त जाता कामा नये. बऱ्याच ऑपअँपना १० मिलीअँप चालतात. व्होल्टेजची मर्यादाही कुठे ०.३ असते, कुठे ०.५. तुमची चिप वेगळी असेल तर हे दोन आकडे तिच्या डेटाशीटमधून काढा आणि कागदावर लिहून ठेवा. पुढचं सगळं गणित त्यांच्यावर आहे.

जास्तीचा करंट जातो कुठे?

ऑपअँप ५ मायक्रोअँप देऊन थकला. फोटोडायोड २ मिलीअँप ओढू पाहतोय. मधला फरक कुठून तरी यायलाच हवा.

वरच्या सर्किटमध्ये तो फोटोडायोडच्या स्वतःच्या जंक्शनमधूनच परत फिरतो. पिन २ चा जोड शून्याच्या खाली घसरायला लागतो आणि अर्ध्या व्होल्टच्या आसपास पोचला की फोटोडायोड स्वतःच फॉरवर्ड होऊन थांबतो. सोलर सेलला लोड जोडला नाही तर जे होतं तेच. पिन उणे ०.४५-०.५ व्होल्टवर अडकते, मर्यादा उणे १ ची आहे, चिप सुखरूप. ऑपअँपचं आउटपुट वरच्या मर्यादेला आपटतं, सावरायला थोडा वेळ घेतं, पण मरत नाही. थोडक्यात, बायस, म्हणजे बाहेरून दिलेलं व्होल्टेज, नसलेला फोटोडायोड स्वतःचं रक्षण स्वतः करतो.

मग माझी चिप का गेली? कारण मला वेग हवा होता. रिव्हर्स बायस दिला की फोटोडायोडचं कपॅसिटन्स कमी होतं, हे वाचलं होतं आणि ते खरंही आहे: बीपीडब्ल्यू३४ चं शून्य व्होल्टला ७० पिकोफॅरड असतं, ३ व्होल्टला २५ च्या आसपास येतं. टेबलावर १२-०-१२ ट्रान्सफॉर्मर आणि ७९१२ या उणे १२ व्होल्टच्या रेग्युलेटरचा जुना पॉवर सप्लाय पडला होता. फोटोडायोडचा अ‍ॅनोड ग्राउंडवरून काढला आणि उणे १२ व्होल्टला लावला. एक तार हलवली, बस्स.

त्या एका तारेने सगळं बदललं. आता पिन २ चा जोड उणे ०.५ ला आला तरी फोटोडायोडवर साडेअकरा व्होल्टचा रिव्हर्स बायस शिल्लक असतो. तो थांबत नाही, ओढतच राहतो. तेवढ्यात चिपच्या आतला, पिन आणि ग्राउंड यांच्यामधला छोटा संरक्षक डायोड चालू होतो आणि सगळे २ मिलीअँप त्या पिनमधून बाहेर येतात. माझ्या पॉइंटरवर छापलेल्या आकड्यापेक्षा प्रत्यक्षात प्रकाश जास्त असावा. स्वस्त पॉइंटरांचं तसंच असतं. (याच कारणाने त्याच्याशी खेळताना डोळे सांभाळा. फोटोडायोड दुकानात परत मिळतो.)

तेव्हा पहिला प्रश्न हा: जास्तीच्या करंटमागे जोर कोणाचा आहे? बायस नसेल तर कोणाचाच नाही. बायस असेल तर बायस सप्लायचा, आणि त्याला तिथेच आवरायचं.

बायस खरंच हवा आहे का

माझ्या त्या सर्किटची बँडविड्थ, म्हणजे किती वेगाचे बदल ते दाखवू शकतं, नंतर शांतपणे काढली. बायस नसताना साधारण ४५ किलोहर्ट्झ, १२ व्होल्ट बायस देऊन आणि फीडबॅकचा कपॅसिटर त्या मानाने घटवून ८० च्या आसपास. दुप्पटसुद्धा नाही! एमसीपी६००२ हा मुळात १ मेगाहर्ट्झचा ऑपअँप, तोच अडवून धरतो. आणि मला मोजायची होती ट्यूबलाइटची लुकलुक, १०० हर्ट्झ. बायसची काडीची गरज नव्हती. वर बायसने डार्क करंट वाढतो ते वेगळंच. फोटोडायोड अंधारातही नॅनोअँपमध्ये करंट देत बसतो आणि गरम झाला की तो वाढतो.

तुमचं काम हळू बदलणाऱ्या प्रकाशाचं असेल, तर अ‍ॅनोड ग्राउंडलाच ठेवा. पुढची पिन-रेझिस्टरची पायरी तेवढी करा. उणे १२ व्होल्टची चाचणी तुमच्यासाठी नाही. वेगाचं काम असेल, चॉपर (प्रकाश सारखा तोडणारी फिरती चकती) असेल, लेझरचे पल्स असतील, तर सगळं वाचा.

बायसच्या वाटेत रेझिस्टर

उणे १२ व्होल्ट आणि फोटोडायोडचा अ‍ॅनोड यांच्यामध्ये १०० किलोओहमचा रेझिस्टर घाला. अ‍ॅनोडपासून ग्राउंडला १० नॅनोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर लावा. किंमत दोन-तीन रुपये, आणि संरक्षणाचं निम्मं काम इथेच होतं.

नेहमीच्या वापरात जास्तीत जास्त ५ मायक्रोअँप वाहतात. १०० किलोओहमवर अर्धा व्होल्ट पडतो, बायस १२ चा साडेअकरा होतो. कोणाला कळतही नाही. पण उन्हात ठेवलं किंवा लेझर पडला तरी सप्लायमधून १२ भागिले १०० किलोओहम, म्हणजे ०.१२ मिलीअँपच्या वर करंट येऊच शकत नाही. फोटोडायोडला आणखी ओढायचं असतं, पण रेझिस्टरवर सगळे व्होल्ट पडून जातात, बायस कोसळतो आणि फोटोडायोड पुन्हा आपला आपण थांबतो.

इथे एक चूक फार होते. लोक हाच रेझिस्टर १०० ओहमचा घेऊन फोटोडायोड आणि पिन २ च्या मध्ये घालतात आणि संरक्षण झालं असं समजतात. फोटोडायोड म्हणजे बॅटरी नव्हे, करंटचा स्रोत आहे. बायस शाबूत असेपर्यंत त्याच्या वाटेत १०० ओहम ठेवा नाहीतर ५०० ठेवा, २ मिलीअँपचे २ मिलीअँपच येणार. करंट कमी व्हायला रेझिस्टर एवढा मोठा हवा की त्याच्यावर सगळा बायस पडेल. आणि तेवढा मोठा रेझिस्टर सिग्नलच्या वाटेत ठेवला की वेग गेला. बायसच्या बाजूला मात्र तो मोठा चालतो, कारण वेगवान बदलांचा करंट शेजारचा कपॅसिटर पुरवतो.

पण कपॅसिटर म्हणजे साठवलेला चार्जही. १० नॅनोफॅरड १२ व्होल्टला भरला की त्यात ०.१२ मायक्रोकूलॉम चार्ज असतो. २ मिलीअँपने तो ६० मायक्रोसेकंदांत रिकामा होतो. सवयीने १०० नॅनोफॅरड लावलात तर ६०० मायक्रोसेकंद. म्हणून गरजेपुरताच कपॅसिटर लावा. आणि या पहिल्या झटक्यासाठी पुढची पायरी आहे.

जोडावर क्लॅम्प

पिन २ च्या जोडापासून ग्राउंडला दोन डायोड, एकमेकांना उलटे. नेहमी त्या जोडावर शून्य व्होल्ट असतात, त्यामुळे डायोड गप्प असतात. जोड ०.६-०.७ व्होल्ट खाली किंवा वर गेला की यातला एक चालू होतो आणि करंट चिपच्या पोटात न जाता बाहेरूनच निघून जातो.

डायोड कोणता? हाताशी नेहमी १एन४१४८ असतो आणि इथे तोच नको. त्याचं आवरण काचेचं, म्हणजे तोही एक छोटा फोटोडायोडच झाला. विश्वास बसत नसेल तर फोटोडायोडच्या जागी १एन४१४८ लावा, फीडबॅकला १० मेगओहम घाला आणि मोबाइलचा टॉर्च अगदी टेकवून पाहा. फीडबॅक रेझिस्टर आणखी वाढवला, शेकडो मेगओहमवर गेलात, तर त्याची गळतीसुद्धा आकड्यात दिसायला लागते.

एसएमडी, म्हणजे बोर्डच्या पृष्ठभागावर बसणारे बारीक भाग, सोल्डर करता येत असतील तर बीएव्ही१९९ घ्या. त्याची गळती पिकोअँपमध्ये असते आणि एकाच तीन पायांच्या पॅकेजमध्ये दोन डायोड मालिकेत असतात. मधला पाय जोडाला, उरलेले दोन्ही ग्राउंडला.

ब्रेडबोर्डवर माझा आवडता उपाय वेगळा आहे: बीसी५४७. पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला कुठल्याही दुकानात मूठभर मिळतात. त्याचं बेस-कलेक्टर जंक्शन हा उत्तम कमी-गळतीचा डायोड आहे, आणि काळ्या प्लॅस्टिकमध्ये असल्यामुळे प्रकाशही लागत नाही. सपाट बाजू आपल्याकडे धरली की डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. बेस म्हणजे अ‍ॅनोड, कलेक्टर म्हणजे कॅथोड, एमिटर मोकळा. पहिल्याचा बेस ग्राउंडला आणि कलेक्टर जोडाला. दुसऱ्याचा बरोबर उलट. दोघं मिळून काही पिकोफॅरड वाढवतात, तेवढं सोसा.

फीडबॅक रेझिस्टरला समांतर डायोड लावूनही जास्तीचा करंट ऑपअँपच्या आउटपुटकडून पुरवता येतो. त्याने आउटपुट मर्यादेला आपटत नाही आणि लवकर सावरतं. पण एका डायोडने आउटपुट ०.६ व्होल्टलाच अडतं, आणि त्याच्या बऱ्याच आधीपासून वाकडं होतं. पहिल्या सर्किटात ही भानगड नको.

पिनच्या तोंडाशी एक किलोओहम

आता १ किलोओहमचा रेझिस्टर. तो फोटोडायोडच्या पायात घालायचा नाही. फोटोडायोड, फीडबॅकचा रेझिस्टर आणि कपॅसिटर, दोन्ही बीसी५४७ हे सगळे एका जोडावर आणा, आणि त्या जोडापासून पिन २ पर्यंत फक्त हा १ किलोओहम जाऊ द्या.

अशा जागी तो सिग्नलचं काहीच बिघडवत नाही, कारण नेहमी त्याच्यातून वाहतो तो ऑपअँपचा इनपुट बायस करंट, पिकोअँपमध्ये. नॉइज, म्हणजे सिग्नलमधली खरखर, म्हणाल तर एमसीपी६००२ च्या स्वतःच्या नॉइजपुढे एक किलोओहमचा नॉइज जेमतेम सातवा हिस्सा आहे. पण संकटात तो पहारेकरी होतो. क्लॅम्पने जोड उणे ०.७ वर धरलाय, चिपच्या आतला डायोड उणे ०.५ च्या पुढे चालू व्हायला लागतो, मधल्या ०.२ व्होल्टला १ किलोओहम. पिनमधून ०.२ मिलीअँप. मर्यादेचा दहावा हिस्सा.

या रेझिस्टरचा मला सगळ्यात आवडणारा गुण म्हणजे त्याच्यावर मल्टिमीटर ठेवता येतो. जेवढे मिलीव्होल्ट तेवढे मायक्रोअँप, थेट पिनमधून जाणारे. अंदाज करत बसायला नको.

प्रकाश न पाडता चाचणी

नवं सर्किट लेझरखाली तपासू नका. फोटोडायोड काढून ठेवा. चिपही काढा, पॉवर बंद करून. आता उणे १२ व्होल्टपासून जोडाला ५.६ किलोओहमचा रेझिस्टर लावा. क्लॅम्प चालू असेल तर यातून साधारण २ मिलीअँप वाहतील. जोडावरचं व्होल्टेज पाहा: उणे ०.६ ते उणे ०.७५ हवं. उणे १२ दिसलं तर बीसी५४७ चे पाय चुकलेत किंवा एखादा ब्रेडबोर्डच्या भोकात नीट बसलेला नाही. चिप बाहेर आहे म्हणून हे फुकटात कळलं.

मग पॉवर बंद, चिप बसवा, पॉवर चालू. १ किलोओहमवर मिलीव्होल्ट मोजा. दोनशेच्या खाली असेल तर काम झालं. ५.६ किलोओहम काढा, फोटोडायोड परत लावा, आणि एकदा मंद प्रकाशात आउटपुट क्लॅम्पसकट आणि क्लॅम्पशिवाय असं मोजून पाहा. आकडा तोच यायला हवा. अगदी शून्याजवळचा आकडा मात्र पाहू नका. एका सप्लायवर या ऑपअँपचं आउटपुट वीस-पंचवीस मिलीव्होल्टच्या खाली नीट उतरेलच असं नाही.

पावसाळ्यात मोजत असाल आणि आकडे सरकत असतील तर चिपवर संशय घेण्याआधी बोर्ड साफ करा. फ्लक्सचा चिकटा आणि दमट हवा मिळून उणे १२ च्या पट्टीपासून जोडापर्यंत नॅनोअँपची वाट तयार करतात. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश, मग नीट वाळवणं.

केबल आणि मोठे बायस

फोटोडायोड लांब केबलवर असेल तर बायस चालू ठेवून कनेक्टर काढू-घालू नका. चार्ज झालेली केबल जोडाला टेकते त्या क्षणी तो सगळा चार्ज पिनच्या दिशेने धावतो. आधी बायस बंद, कपॅसिटर रिकामा होऊ द्या, मग कनेक्टर. आणि तुम्ही बायस उलट्या बाजूने, म्हणजे कॅथोडला अधिक १२ देऊन केला असेल, तर जोड वर ओढला जातो आणि जास्तीचा करंट चिपच्या ५ व्होल्टच्या पट्टीत शिरतो. तिथे ५ व्होल्ट बंद ठेवून फक्त बायस चालू ठेवलात तर अख्खं सर्किट फोटोडायोडवर अर्धवट जिवंत होऊ शकतं. ग्राउंडला लावलेले उलटसुलट बीसी५४७ हेही सांभाळतात.

अ‍ॅव्हलान्च फोटोडायोडकडे, म्हणजे मोठ्या बायसवर आतल्या आतच करंट कित्येक पट करणाऱ्या फोटोडायोडकडे, वळणार असाल तर हिशेब तोच, पण आकडे भयंकर. बायस शंभर-दोनशे व्होल्ट. दोनशे व्होल्टला भरलेल्या १०० नॅनोफॅरडमध्ये २ मिलीज्यूल ऊर्जा असते. आपल्या १० नॅनोफॅरड आणि १२ व्होल्टच्या जोडीच्या जवळजवळ तीन हजार पट. तिथे बायसचा रेझिस्टर विसरणं म्हणजे ऑपअँप आणि महागडा डायोड दोन्ही एका दमात घालवणं.

पिन आधीच गेली असेल तर

आता माझ्या त्या चिपकडे. फोटोडायोड काढा, क्लॅम्पचे बीसी५४७ लावले असतील तर तेही काढा, पिन ३ ग्राउंडवरून सोडवा आणि पिन ५ वर केलेले अडीच व्होल्ट तिला द्या. फीडबॅकचा १ मेगओहम तसाच. आता पिन ३ आणि पिन १ यांच्यामध्ये मल्टिमीटर लावा. चिप धडधाकट असेल तर फरक पाच मिलीव्होल्टच्या आत असतो. तो ऑफसेट, म्हणजे चिपचा जन्मजात फरक, डेटाशीटला मान्य असलेला. त्याहून जास्त दिसेल ती पिन २ ची गळती, दर मिलीव्होल्टला एक नॅनोअँप. आउटपुट वर सरकलं तर पिन ग्राउंडकडे गळतेय, खाली सरकलं तर ५ व्होल्टकडून करंट आत येतोय.

माझ्या चिपचं आउटपुट १८० मिलीव्होल्ट खाली होतं. म्हणजे १८० नॅनोअँप ५ व्होल्टकडून जोडात शिरत होते, आणि फोटोडायोडने त्याहून जास्त ओढल्याशिवाय आउटपुट शून्यावरून हलत नव्हतं. संध्याकाळचा मंद प्रकाश त्या १८० नॅनोअँपमध्ये बुडाला होता. बोटाने चिप जरा गरम केली की आकडा आणखी वाढायचा.

अशी चिप डबीत परत टाकू नका. मी टाकली होती, आणि महिन्याभराने दुसऱ्या सर्किटात तीच हाताला आली. आता मी पिन २ चा पाय लगेच कापतो.